विश्लेषण : लंडनहून तलवार परत आली, पण मुंबईतल्या माळ्यांवरच्या शिरस्त्राणांचे काय?

नागपूरकर भोसले घराण्याचे संस्थापक पहिले रघुजी भोसले यांची तलवार राज्य सरकारने एप्रिल २०२५ मध्ये लंडनच्या लिलावातून मिळवली. त्यासाठी मोजले ४७ लाख १५ हजार रुपये. ऑगस्टमध्ये ती मुंबईत आली आणि प्रभादेवीच्या पु. ल. देशपांडे महाराष्ट्र कला अकादमीत लोकांना पाहण्यासाठी ठेवली गेली. त्याच्या आदल्या वर्षी, जुलै २०२४ मध्ये, लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील वाघनखे तीन वर्षांच्या कराराने साताऱ्यात दाखल झाली होती. पिप्रहवा येथील बौद्ध रत्नांचा हाँगकाँगमधला लिलाव भारत सरकारने हरकत घेतल्यावर थांबला आणि मुंबईच्या गोदरेज उद्योगसमूहाच्या मदतीने ती रत्ने जुलै २०२५ मध्ये मायदेशी परतली.

या तिन्ही बातम्यांचा सूर एकच होता : बाहेर गेलेले परत आले. आनंदाचीच गोष्ट आहे. पण जे बाहेर कधी गेलेच नाही, जे आजही एखाद्या ट्रंकेत, पोटमाळ्यावर किंवा मटण स्ट्रीटवरच्या दुकानात कपाटाच्या मागे पडून आहे, त्याबद्दल सरकारकडे काय धोरण आहे? हा प्रश्न जुन्या लष्करी शिरस्त्राणांच्या बाबतीत सर्वात अवघड होतो. म्हणून हे विश्लेषण तलवारीचे नाही, टोपाचे आहे.

तलवारीला मान, मग टोप भंगारात का?

तलवार घरात असली की दसऱ्याला तिची पूजा होते. तिला म्यान असते, नाव असते, तिच्याभोवती एखादी तरी कथा असते. लोखंडी टोपाच्या वाट्याला हे फारसे येत नाही. त्याची साखळीची झालर तुटली, वरचा भाला निखळला आणि तुरा खोवायच्या नळ्या गेल्या की उरतो तो एक गंजलेला वाडगा. भंगारवाल्याच्या तराजूत त्याची किंमत किलोने होते.

हे आजचे नाही. तंजावरचे मराठा राज्य १८५५ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने खालसा केले. तिथल्या राजवाड्यात भोसल्यांचे मोठे शस्त्रागार होते. १८६० च्या दशकात त्यातली निवडक शस्त्रे मद्रासच्या सरकारी संग्रहालयात गेली आणि उरलेली मोडून जुने लोखंड म्हणून विकली गेली. जे संग्रहालयात पोहोचले त्यावर आजही जगभरचे अभ्यासक लिहितात. जे वितळले त्याची यादीही आपल्याकडे नाही.

मुंबईत आज हीच प्रक्रिया किरकोळीत चालते. गिरगाव, परळ, लालबाग, दादर या पट्ट्यात चाळी आणि जुन्या इमारतींचा पुनर्विकास सुरू आहे. खोली रिकामी करायची तारीख ठरलेली असते, तात्पुरत्या भाड्याच्या घरात जागा कमी असते आणि माळ्यावरचे सामान सर्वात आधी खाली येते. त्यात काय आहे हे पाहायला कोणाला वेळ नसतो. या भागातली बहुसंख्य कुटुंबे कोकण, सातारा, सांगली, कोल्हापूरहून गिरण्या, गोदी आणि रेल्वेच्या नोकऱ्यांसाठी आलेली. कोणाचे आजोबा मराठा पलटणीत, कोणाचे पणजोबा एखाद्या संस्थानाच्या चाकरीत. प्रत्येक माळ्यावर ऐतिहासिक टोप असेल असे मुळीच नाही. पण असलाच तर तो ओळखला जाण्याची शक्यता फार कमी, हे खरे.

जिरेटोप म्हणजे नेमके काय?

मे २०२४ मध्ये वाराणसीत प्रफुल्ल पटेल यांनी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या डोक्यावर जिरेटोप ठेवला तेव्हा महाराष्ट्रात बराच वाद झाला. त्या वादात जिरेटोप म्हणजे मानाचे, राजेपणाचे चिन्ह असे सगळ्यांनीच गृहीत धरले होते. शब्द मात्र रणांगणावरून आला आहे. फारसीत ‘जिरह’ म्हणजे कड्यांत कडी गुंफून केलेले चिलखत. त्यावरून जिरेटोप, स्वयंपाकघरातल्या जिऱ्याशी त्याचा संबंध नाही. १६५९ च्या अफझलखान भेटीच्या बखरींमधील वर्णनांतही महाराजांच्या डोक्यावरच्या वस्त्राखाली लोखंडी टोप असल्याचे आणि त्याने वार अडवल्याचे येते. म्हणजे मूळ वस्तू दिसण्यासाठी नव्हे, तर बऱ्याचदा न दिसता जीव वाचवण्यासाठी होती.

दख्खनेत आणि उत्तरेत वापरात असलेल्या शिरस्त्राणांचे ढोबळमानाने तीन प्रकार संग्राहकांच्या हाती येतात. पहिला, पोलादी वाडग्यासारखा टोप : वर टोकदार भाला, पुढे नाकाच्या रक्षणासाठी वरखाली सरकणारी पट्टी, दोन्ही बाजूंना तुरे खोवायच्या नळ्या आणि मानेवर रुळणारी कड्यांची झालर. इराणी धाटणीच्या या टोपाला ‘कुलाह खूद’ म्हणतात. दुसरा, पोलादी पट्ट्या आणि कडी एकत्र गुंफून केलेला, डोक्याला घट्ट बसणारा टोप. तिसरा, जाड गादी शिवलेला कापडी टोप, वरून मखमल आणि पितळी खिळ्यांच्या रांगा. हा तिसरा प्रकार सर्वात कमी टिकतो. कसर, वाळवी आणि ओल त्याचा आधी फडशा पाडतात.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, कारण दुकानदार ती सहसा सांगत नाहीत. बाजारात दिसणाऱ्या नक्षीदार कुलाह खूदांपैकी पुष्कळसे एकोणिसाव्या शतकातले आहेत आणि ते युद्धासाठी बनलेलेच नाहीत. १८५१ च्या लंडनमधील महाप्रदर्शनानंतर पौर्वात्य शस्त्रांची युरोपात हौस वाढली, आणि भिंतीवर लावण्यासाठी पातळ पत्र्याचे, भरपूर नक्षीचे टोप आणि ढाली भारतात आणि इराणात तयार होऊ लागल्या. त्या दीडशे वर्षे जुन्या आहेत, कायद्याने पुरावस्तू आहेत, पण पानिपत त्यांनी पाहिलेले नाही.

चौथा प्रकार अगदी वेगळा, आणि मुंबईच्या घरांत सापडण्याची शक्यता त्याचीच जास्त : महायुद्धांतले पोलादी हेल्मेट. जॉन ब्रॉडी याने १९१५ मध्ये पेटंट घेतलेली, परातीसारख्या रुंद काठाची ब्रिटिश बनावट. तिची सुधारित आवृत्ती १९३८ ची. दुसऱ्या महायुद्धात मुंबईत हवाई हल्ल्यांपासून बचावासाठी नागरी पथके होती, दिवे झाकण्याचे नियम होते, आणि १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाचा स्फोट झाला तेव्हा शहराने युद्ध जवळून पाहिले. त्या स्फोटात अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. त्या काळातले टोप पुढे कुठे पाणी काढायला, कुठे कोळसे ठेवायला वापरले गेले. काठाच्या आतल्या बाजूला किंवा पट्टा अडकवण्याच्या कडीजवळ कारखान्याचा शिक्का आणि साल ठोकलेले असते, तेवढे वाचता आले तरी अर्धी ओळख पटते.

घरात असा टोप ठेवणे गुन्हा आहे का?

नाही. लोकांच्या मनातली पहिली भीती हीच असते, म्हणून उत्तर सरळ देतो. शस्त्र कायदा, १९५९ शस्त्रांना लागू होतो. शिरस्त्राण हे बचावाचे साधन आहे, शस्त्र नाही. त्याला परवाना लागत नाही. तलवारीची गोष्ट वेगळी, आणि ढालीचीही : ढाल गेंड्याच्या कातड्याची असेल तर वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ आड येतो आणि तिची खरेदी-विक्री करता येत नाही. टोपाच्या तुऱ्यात हस्तिदंत असले तरी हीच अडचण.

खरा कायदा आहे तो पुरावस्तू व कलानिधी कायदा, १९७२. तो ५ एप्रिल १९७६ पासून लागू झाला. त्यानुसार किमान १०० वर्षे जुनी वस्तू म्हणजे पुरावस्तू (हस्तलिखितांसाठी ही मर्यादा ७५ वर्षे). ती बाळगायला बंदी नाही. देशातल्या देशात विकायलाही बंदी नाही. मात्र असा व्यवसाय करणाऱ्याकडे परवाना हवा. नोंदणीची सक्ती सरकारने अधिसूचित केलेल्या प्रकारांपुरती आहे, आणि त्यात भर आहे तो मूर्ती, चित्रे, सचित्र पोथ्या अशा वस्तूंवर.

कडक आहे ते कलम निर्यातीचे. पुरावस्तू देशाबाहेर नेण्याचा अधिकार फक्त केंद्र सरकारला किंवा त्याने नेमलेल्या संस्थेला आहे. उल्लंघन झाल्यास किमान सहा महिने आणि कमाल तीन वर्षांचा तुरुंगवास व दंड. आणि कायद्याच्या भाषेत निर्यात म्हणजे केवळ विक्री नव्हे. भारतातून बाहेर नेणे एवढे पुरेसे आहे. दादरचे घर सोडताना आजोबांच्या आजोबांचा टोप न्यू जर्सीतल्या मुलाकडे आठवण म्हणून बॅगेत घालून नेणे हाही गुन्हाच ठरतो. वस्तू १०० वर्षांहून कमी जुनी असल्याची खात्री असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती पुरावस्तू नसल्याचे प्रमाणपत्र आधी घ्यावे लागते. सर्वेक्षणाचे मुंबई मंडळ सायनच्या किल्ल्यावर आहे.

शंभर वर्षांची रेषा दरवर्षी एक वर्षाने पुढे सरकते, हेही लक्षात ठेवण्यासारखे. पहिल्या महायुद्धातला टोप आज कायद्याने पुरावस्तू आहे. दुसऱ्या महायुद्धातले टोप १९३९ पासूनचे, म्हणजे ते २०३९ नंतर एकेक करून ही रेषा ओलांडतील.

किल्ल्यावर किंवा शेतात सापडलेल्या वस्तूचे नियम आणखी वेगळे. १८७८ चा निखात निधी कायदा अजून लागू आहे. जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून अधिक मोलाची कोणतीही वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. दहा रुपये ही मर्यादा त्या काळातली. ती तशीच राहिल्यामुळे आज व्यवहारात सगळेच तिच्यात येते. मेटल डिटेक्टर घेऊन गडांवर फिरणाऱ्या हौशींनी हे कलम एकदा वाचावे. संरक्षित किल्ल्यावर खणणे हा तर स्वतंत्र गुन्हा आहे.

चकचकीत केले की जुने होते का?

कायद्यापेक्षा मोठे नुकसान घरात आणि दुकानात होते, ते स्वच्छतेच्या नावाखाली. जुनी वस्तू मिळाली की आपला पहिला हात जातो चिंचेकडे, लिंबाकडे, राखेकडे. पितळी समईसाठी ते ठीक. जुन्या लोखंडावर आम्ल गंजाबरोबर चांगले लोखंडही खाते, आणि बारीक छिद्रांत शिरलेला आंबटपणा नीट धुतला गेला नाही तर आठवडाभरात नवा, अधिक लाल गंज घेऊन येतो. त्याहून वाईट म्हणजे तारेचा ब्रश आणि बफिंगचे मशीन. बाजारात चकचकीत वस्तू लवकर विकली जाते, त्यामुळे काही विक्रेते माल दुकानात लागण्याआधीच बफ करून घेतात.

यात जाते काय, हे एका उदाहरणाने कळेल. बिकानेरचे महाराजा अनुपसिंह १६८९ मध्ये औरंगजेबाच्या फौजेतून दख्खनेतल्या अदोनीच्या वेढ्यात होते. तिथे मिळालेली शस्त्रे आणि चिलखते त्यांनी बिकानेरच्या शस्त्रागारात नेली. त्या शस्त्रागारातल्या वस्तूंवर देवनागरीत बारीक ठिपक्यांनी ठोकलेले लेख आहेत. आज यांतल्या वस्तू परदेशी संग्रहालयांत आहेत, आणि त्या दख्खनच्या आहेत हे ठरवताना हे ठिपके मोठा पुरावा ठरतात. ते ठिपके पृष्ठभागावर किती खोल असतील? बफिंगच्या चाकाला ते पुसायला फार वेळ लागत नाही. नक्षीचेही तेच. कोफ्तगारीत पोलादावर अतिशय बारीक उभ्या-आडव्या रेघा खरवडून त्यावर सोन्याची तार ठोकून बसवतात. सोन्याचा तो थर कागदाहून पातळ. पॉलिश पेपरचे चार हात फिरले की सोने कागदावर येते आणि टोपावर उरतात खरवडलेल्या रेघा.

छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात अकबराच्या नावाचे पोलादी चिलखत आणि ढाल आहे. १५८१ च्या सुमाराच्या त्या चिलखतावर धार्मिक वचने कोरलेली आहेत. ते पाहायला गेलात तर त्याचा रंग नीट पाहा. ते स्टीलच्या ताटासारखे चमकत नाही, आणि चमकू नये.

मग करायचे काय? संवर्धनाचे काम करणारे लोक आधी काहीच करत नाहीत. सर्व बाजूंनी छायाचित्रे घेतात, मोजमाप घेतात, आतल्या कापडाचा तुकडाही न काढता नोंदवतात. मग गंज कोणता ते पाहतात. काळपट तपकिरी, घट्ट बसलेला गंज स्थिर असतो, तो बहुतेकदा तसाच ठेवतात. केशरी, भुकटीसारखा, बोटाला लागणारा किंवा पापुद्रे सुटणारा गंज म्हणजे धातू अजून झिजतो आहे. तो खनिज तेल आणि मऊ साधनांनी, कधी भिंगाखाली धारदार पात्याने, थोडा थोडा काढतात. गरज पडली तर टॅनिक आम्ल लावतात. त्याने उरलेला गंज निळसर काळ्या, स्थिर थरात बदलतो. शेवटी सूक्ष्मस्फटिकी मेणाचा पातळ हात. हे मेण पुढे कधीही काढता येते, आणि या क्षेत्राचा मुख्य नियम तोच आहे : आज जे लावाल ते उद्या काढता आले पाहिजे. काढून टाकलेले मात्र परत लावता येत नाही.

मुंबईत याला हवामानाची जोड आहे. हवेतली आर्द्रता साधारण ६० ते ६५ टक्क्यांच्या वर गेली की लोखंडाचा गंज वेग घेतो. पावसाळ्यात इथे ती ८० च्या आसपास असते आणि समुद्राच्या हवेतला क्षार भर घालतो. गिरगाव चौपाटीपासून चार गल्ल्या आत असलेल्या घरात उघड्या भिंतीवर लोखंडी टोप लावणे ही हौस महाग पडते. बंद काचपेटी, आत सिलिका जेलच्या पुड्या, दर काही आठवड्यांनी त्या वाळवणे, आणि टोप हाताळताना सुती हातमोजे. घामातले मीठही गंजच आणते. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवणे ही सर्वसाधारण चूक, कारण ओल आत कोंडते.

महायुद्धातल्या टोपांना नव्याने रंग देण्याची फॅशन आहे. मूळ रंगाच्या थराखाली पलटणीची खूण, नाव, क्रमांक असू शकतो, म्हणून तो खरवडू नये. शिवाय जुन्या रंगात शिसे असण्याची शक्यता असते. घासताना उडणारी धूळ लहान मुलांच्या घरात धोक्याची आहे.

खरे-खोटे कसे ओळखायचे?

या भागाला नकली टोपांची स्वतःची परंपरा आहे, आणि ती सन्मानाची आहे. व्ही. शांताराम यांनी १९४२ मध्ये परळला राजकमल कलामंदिर उभे केले. ऐतिहासिक नाटके आणि चित्रपटांसाठी ड्रेपरीवाल्यांनी पिढ्यान्‌पिढ्या टोप, चिलखते, ढाली पुरवल्या. गुढीपाडव्याच्या गिरगावातल्या शोभायात्रेत आज दिसतात ते फायबरचे आणि पत्र्याचे टोप याच वंशातले. अडचण तेव्हा होते जेव्हा साठ वर्षांपूर्वीचा नाटकाचा टोप आम्लात बुडवून, मातीत पुरून, ‘पेशवेकालीन’ म्हणून पुढे येतो.

साधे दहापट भिंग बरेच सांगते. कोफ्तगारीच्या कडेला खरवडलेल्या रेघांची जाळी दिसते. विजेच्या मुलाम्याखाली ती नसते. झालरीच्या कड्या पाहाव्यात : युद्धासाठीच्या चांगल्या कामात कडीची टोके सपाट करून खिळ्याने जोडलेली असतात. नुसती टोकाला टोक भिडवलेली कडी म्हणजे लगेच नकली असे नाही, कारण एकोणिसाव्या शतकातल्या शोभेच्या टोपांत तीही अस्सल सापडते. पण वेल्डिंगचा थेंब, यंत्राच्या आट्यांचे स्क्रू किंवा सगळीकडे सारखाच बसलेला गंज दिसला तर हात आखडता घ्यावा. आणि बिल मागावे. परवानाधारक विक्रेता ते देतो.

मग अडले कुठे?

माझ्या मते १९७२ च्या कायद्याची नजर सीमेवर आहे, घरावर नाही. वस्तू देशाबाहेर जाऊ नये याची त्यात कडक तजवीज आहे. पण नोंदणी न लागणारा खासगी टोप मालकाने तारेच्या ब्रशने घासला, कापून दिव्याची शेड केली किंवा भंगारात दिला, तर त्याला कोणी विचारत नाही. उलट कायद्याच्या अर्धवट माहितीमुळे लोक अशा वस्तू लपवतात; सरकारला कळवले तर जप्त होईल ही समजूत घट्ट आहे. सक्तीने संपादन करण्याचा अधिकार केंद्राला आहे खरा, पण त्यासाठी मोबदला द्यावा लागतो. कायदा बदलून देशांतर्गत व्यवहार सोपे करण्यासाठी २०१७ मध्ये विधेयकाचा मसुदाही लोकांसमोर ठेवला गेला होता. तो कायदा झाला नाही.

राज्याच्या पातळीवर करण्यासारखे काम तुलनेने स्वस्त आहे. पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाचे कार्यालय फोर्टमधल्या सेंट जॉर्ज किल्ल्यात आहे. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचे स्वतःचे कला संवर्धन केंद्र काळा घोड्याजवळ, तिथून चालत जाण्याच्या अंतरावर. या दोन्ही ठिकाणची माणसे महिन्यातून एक दिवस लालबागच्या एखाद्या शाळेत किंवा दादरच्या ग्रंथालयात बसली, लोकांनी आणलेल्या वस्तू पाहिल्या, छायाचित्र घेऊन वस्तू घरमालकाकडेच परत दिली, तर ४७ लाखांत अशी किती वर्षे काढता येतील याचा हिशेब कोणीही करू शकेल. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयाची सुरुवात अशाच घराघरांतल्या वस्तूंपासून झाली होती; दिनकर केळकरांनी तो संग्रह १९७५ मध्ये राज्य सरकारला देऊन टाकला.

तूर्त, ज्यांच्या इमारतीला पुनर्विकासाची नोटीस लागली आहे त्यांच्यापुरते एवढेच : माळ्यावरून लोखंडी टोप खाली आला तर धुऊ नका, आतले कापड काढू नका. कोरड्या सुती फडक्यात गुंडाळा, मोबाइलने आतून-बाहेरून फोटो काढा, आणि घरातल्या सर्वात ज्येष्ठ माणसाला तो कुठून आला हे विचारून त्यांच्या शब्दांत लिहून ठेवा.